डबे अजून फोडले नसतील तर : गावोगावच्या जीर्णोद्धार समित्यांना खुलं पत्र

प्रति,
जीर्णोद्धार समितीचे अध्यक्ष, विश्वस्त, सरपंच, गुरव, जत्रा कमिटी आणि मुंबई-पुण्याहून वर्गणी पाठवणारी सगळी चाकरमानी मंडळी,

सप्रेम नमस्कार.

पत्र लिहिण्यास कारण की, परवा मी तुमच्यापैकीच एका गावात होतो. गावाचं नाव घालत नाही. ते काढून तिथे दुसऱ्या कुठल्याही गावाचं घातलं तरी मजकूर बदलावा लागणार नाही. गड उतरून खाली आलो, बारवेत पाय धुतले आणि देवळात टेकलो. नंदीच्या शेजारी रंगाचे डबे रचून ठेवले होते. वीस लिटरचे चार, त्यांच्यावर चार-चार लिटरचे सहा आणि सगळ्यात वर एक छोटा, रुपेरी रंगाचा. ऑइल पेंट. महाशिवरात्र दोन आठवड्यांवर आलीय, पेंटर सोमवारी येणार आहे, असं गुरवांनी सांगितलं.

मी गाभाऱ्याच्या दाराशी गेलो. पाच शाखांची, म्हणजे एकाला लागून एक अशा पाच कोरीव पट्ट्यांची चौकट, तळाला दोन्ही बाजूंना गंगा-यमुना, त्यांच्या मागे छत्र धरलेल्या दासी. दासी माझ्या वितीएवढी. तिच्यावर तेलाची आणि धुळीची पुटं बसलेली. ओल्या रुमालानं थोडं पुसलं तर गळ्यात मण्यांची माळ निघाली. प्रत्येक मणी सुटा, आणि माळ नि छाती यांच्यामध्ये गवताची काडी जाईल एवढी फट कोरलेली. काडी घालून पाहिली. गेली. सातशे-आठशे वर्षांपूर्वी कुणीतरी उकिडवं बसून ही फट छिन्नीनं साफ केली असणार. ती कुणाच्या नजरेला पडणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असणार. तरी केली.

ऑइल पेंटचा पहिला हात फिरला की सगळ्यात आधी बुजते ती ही फट.

गुरव म्हणाले, "कळकट दिसतंय ना सगळं? पुढच्या टायमाला या, चकाचक झालेलं असेल." त्यांनी चहा पाजला, प्रसादाचा नारळ दिला. मी होय-होय म्हणत एसटीत बसलो. तोंडातून चकार शब्द काढला नाही. चहा पिऊन आलेल्या घरी उणं बोलायचं कसं, हा एक संकोच. आणि दुसरं कारण पुढे सांगतो. पण तेव्हापासून घास गोड लागत नाही, म्हणून हे पत्र.

दुसरं कारण असं, की हे पाप माझ्याही हातून झालंय. आमच्या गावच्या महादेवाला रंग द्यायचा ठरला तेव्हा मी सातवीत होतो. वडील वर्गणीच्या वहीवर होते. पेंटरच्या हाताखाली आम्हा पोरांना कामं वाटून दिली आणि माझ्या वाट्याला नंदीची शिंगं आली. सोनेरी रंग. इतका अभिमान वाटला होता की हातावरचा रंग दोन दिवस घासला नव्हता. तीन-चार पावसाळ्यांत त्याचे पोपडे निघाले. पुढच्या कमिटीनं पोपड्यांवरच दुसरा हात दिला, त्याच्या पुढच्यांनी तिसरा. आज त्या नंदीचा कान कुठला आणि शिंगाचं बूड कुठलं हे सांगता येत नाही. गळ्यातल्या घुंगरमाळेची एक जाड वळी उरलीय. तेव्हा शहाणपण शिकवायला आलेला शहरी पाहुणा म्हणून माझ्याकडे बघू नका. मी तुमच्यातलाच, फक्त थोडा उशिरा उपरती झालेला.

तुमचं म्हणणंही मला माहीत आहे, कारण ते मी वीसेक वर्षं पायऱ्यापायऱ्यांवर बसून ऐकलंय. "तुम्ही येणार, फोटो काढणार, जाणार. दिवाबत्ती आम्ही करायची, गळतंय तिथे बादली आम्ही लावायची. मग देव पडक्यात ठेवायचा का आम्ही?" याला उत्तर नाही. वाड्यावस्त्यांवरची ही देवळं सातशे-आठशे वर्षं टिकली ती कुठल्या खात्यामुळे नव्हे, तर रोज सकाळी कुणीतरी झाडू मारला म्हणून. केंद्राच्या 1958च्या आणि राज्याच्या 1960च्या कायद्याखाली मोजकीच देवळं संरक्षित आहेत. उरलेल्यांना संरक्षण असेल तर ते तुमचं. म्हणून तर पत्र तुम्हाला लिहितोय, मंत्र्यांना नाही.

आता देवळाकडे वळू. पाटीवर 'पांडवकालीन' लिहिलेलं असतं. पांडवांनी एका रात्रीत बांधलं, कोंबडा आरवला म्हणून कळस राहिला, ही गोष्ट मला किमान पंचवीस गावांत ऐकवली गेलीय आणि प्रत्येक ठिकाणी कोंबडा वेगळा. गोष्ट असू द्या, गोड आहे. दुसरा शब्द 'हेमाडपंती'. हेमाद्री पंडित, म्हणजेच हेमाडपंत, हा देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला माणूस. आणि अंबरनाथच्या देवळातला शिलालेख शके 982चा, म्हणजे इसवी सन 1060चा. हेमाडपंतांच्या आधी दोनशे वर्षं. सिन्नरचा गोंदेश्वरही त्यांच्या आधीचाच. तेव्हा 'हेमाडपंती' म्हणून तुम्ही ज्याचं वय कमी सांगता ते देऊळ त्याहून म्हातारं असण्याचा चांगलाच संभव आहे.

नाव काहीही द्या, पण बांधणी समजून घ्या, कारण सगळी मेख तिथे आहे. या देवळांत दोन दगडांच्या मध्ये चुना नाही. खाच आणि खुंटी जुळवून, एकावर एक तोलून दगड बसवलेत. मंडपाचं छत म्हणजे दर थराला थोडे थोडे आत सरकवत आणलेले दगड. सगळं उभं आहे ते आपल्याच वजनावर. अशा इमारतीच्या सांध्यांतून पावसाळ्यात थोडं पाणी येतं, पायातून ओल वर चढते आणि उन्हाळ्यात ती तशीच निघून जाते. शेकडो पावसाळे असेच गेले. आपण बाहेरून ऑइल पेंटचं कातडं चढवतो तेव्हा ही ओल आत कोंडते. पाण्याबरोबर आलेले क्षार कातड्याच्या आतल्या बाजूला जमतात, फुगतात आणि पोपडा सुटताना दगडाची खपली बरोबर घेऊन निघतो. त्यातून पाणी बंद झालेलं नसतंच. ते फक्त तुमच्या नजरेआड झालेलं असतं.

टाइल्सचं तेच. एका देवळात अंतराळाच्या, म्हणजे मंडप आणि गाभारा यांच्यामधल्या जागेच्या, भिंतींना छातीपर्यंत पांढऱ्या टाइल्स लावल्यात, दर चौथ्या टाइलवर गुलाबाचं फूल. एक टाइल सुटली होती. मागे सिमेंटचा गिलावा, आणि गिलाव्यात अर्धी रुतलेली एक हंसांची ओळ. टाइल घट्ट बसावी म्हणून हंसांच्या पाठीवर छिन्नीनं टाचे मारले होते. टाचे! मी तिथून उठून बाहेर आलो.

वरचा स्लॅब हा सगळ्यात महागडा आणि सगळ्यात घातक प्रकार. गळतं म्हणून मंडपाच्या माथ्यावर सळ्या बांधून काँक्रीट ओततात. आधीच आपल्या वजनाचा तोल सांभाळून उभ्या असलेल्या खांबांवर हा नवा बोजा. तीस-चाळीस वर्षांत सळ्या गंजतात, गंज फुगतो, काँक्रीट फुटतं. पण तोवर त्याच्या खालचा दगड पाहिलेला माणूस गावात उरलेला नसतो. गळती असते ती बहुतेक वेळा माथ्यावर उगवलेल्या पिंपळाच्या मुळ्यांमुळे आणि मातीनं बुजलेल्या पाण्याच्या वाटांमुळे. वैशाखात चार माणसं वर चढवा, माती काढा, रोप लहान असतानाच काढा. याचं टेंडर निघत नाही, उद्घाटन होत नाही, हीच काय ती त्यातली अडचण.

शिरोळ तालुक्यातलं खिद्रापूरचं कोपेश्वराचं देऊळ पाहिलंय का? समितीनं एक सहल तिकडे काढाच, हवं तर नृसिंहवाडीला जोडून. दारातल्या स्वर्गमंडपाला 48 खांब आहेत आणि मधोमध माथ्यावर गोल मोकळं आभाळ. माझ्या शेजारी उभे असलेले एक गृहस्थ वर बघून म्हणाले, "एवढ्याशासाठी स्लॅब राहिला वाटतं, फंड संपला असेल." मी हसलो, पण नंतर वाटलं, हसण्यासारखं काही नाही. ते गृहस्थ कुठल्यातरी गावाचे विश्वस्त असतील. कृष्णेच्या काठावरचं हे देऊळ 2019च्या महापुरात पाण्यात होतं. पूर ओसरला, गाळ उपसला, धुतलं आणि उघडा दगड आपला आपण वाळला. तिथे टाइल्स असत्या तर काय झालं असतं याचा हिशेब तुमच्या गावचा गवंडीही सांगेल.

म्हणाल, मोठ्या देवस्थानांनी केलं तेच आम्ही केलं. खरं आहे. गुळगुळीत ग्रॅनाइट आणि चकचकीत फरशीची हौस आपल्याला त्यांनीच लावली. पण त्यांनी मागे घेतलेलं पाऊलही बघा. पंढरपुरात 2024च्या मार्चपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत विठ्ठलाचं पदस्पर्शदर्शन बंद ठेवलं होतं. कशासाठी? वर्षानुवर्षं चढवलेल्या फरशा आणि रंगाचे थर उतरवून मूळ काळा पाषाण मोकळा करण्यासाठी. चढवायला पैसा गेला आणि उतरवायलाही. त्याच कामात मे महिन्याच्या अखेरीस फरशीखाली एक लहानसं तळघर लागलं आणि त्यातून मूर्ती निघाल्या. पंढरीच्या गाभाऱ्यात काळा दगड शोभतो, आणि आपल्या म्हादेवाला मात्र आकाशी रंग?

नावांबद्दलही बोलायला हवं, रागावू नका. निम्मा रंग देवासाठी असतो आणि निम्मा 'सौजन्याने'साठी. शिखराच्या खाली तीन फुटी अक्षरांत देणगीदाराचं नाव आणि त्याखाली मोबाइल नंबर, हे मी वाचलंय. नाव लागावं असं वाटण्यात गैर काही नाही. आपल्याकडे ती चाल जुनीच. पंढरपूरचा चौऱ्यांशीचा शिलालेख म्हणजे दुसरं काय आहे? शके 1195पासून पुढच्या चार वर्षांत देवळाला कुणी काय दिलं याची दगडावरची यादी. त्यात रामचंद्र यादव आहे, हेमाडपंत आहेत आणि साधी माणसंही आहेत. चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकावा म्हणून लोकांनी त्याला पाठी घासून घासून अक्षरं झिजवली. ती झीजही मला गोड वाटते, रंगाच्या डब्यापेक्षा कितीतरी. आणि रायगडावर जगदीश्वराच्या पायरीवर काय कोरलंय ते तुमची पोरं तोंडपाठ म्हणतील: 'सेवेचे ठायी तत्पर हिरोजी इंदुलकर'. अख्खा गड बांधणाऱ्यानं स्वतःसाठी पायरी घेतली. तुम्हीही एक नवा दगड घ्या, त्यावर तिथी घाला, सगळ्या देणगीदारांची नावं कोरा आणि देवळापासून दहा पावलांवर झाडाखाली उभा करा. पाचशे वर्षांनी कुणीतरी वाचेल. ऑइल पेंटमधलं नाव पुढची कमिटीच पुसते.

गडांचा विषय निघालाच आहे, तर तुमच्याच गावच्या पोरांचं एक उदाहरण देतो. परवा ज्या गडावरून उतरलो तिथे दर महिन्याला ही पोरं श्रमदानाला जातात. टाक्यांतला गाळ काढतात, तटावरची झाडं तोडतात, आणि बुरुजावर कुणी रंगानं नाव लिहिताना सापडला तर त्याच्याकडूनच ते घासून घेतात. जुलै 2025मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. अकरा आपल्याकडचे आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. तेव्हा याच पोरांनी वेशीवर पेढे वाटले म्हणे. तटाच्या दगडावर हातभर रंग लागला तर ज्यांचं रक्त उसळतं, तीच पोरं सोमवारी पेंटरला शिडी धरणार आहेत. त्यांचा दोष नाही. गड इतिहासाचा आणि देऊळ देवाचं, अशी वाटणी आपणच करून ठेवलीय. यवतजवळच्या भुलेश्वरला जा, तिथे ही वाटणी करताच येत नाही. यादवकाळातलं देऊळ आणि त्याच्याभोवती सतराव्या शतकात आदिलशाही सरदार मुरार जगदेवानं उभारलेला दौलतमंगळ किल्ला. एकाच डोंगरमाथ्यावर दोन्ही. आत स्त्रीरूपातली गणपतीची मूर्ती आहे, ती बघायला मी तीनदा गेलोय. तिला कुणी साडी रंगवलेली नाही, म्हणून ती अजून ओळखू येते.

देवळाबाहेरच्या उभ्या दगडांचं थोडक्यात सांगतो. तळाला लढाई, मधे अप्सरा वीराला वर नेताहेत, वरच्या चौकटीत तो पिंडीची पूजा करतोय आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. हा वीरगळ. तळाला गायी कोरलेल्या असतील तर तुमच्या गावची गुरं वाचवताना मेलेला तो माणूस आहे. त्याचं नाव गेलं, पण त्याला गावानं दगड दिला होता. मी असा एक वीरगळ सार्वजनिक शौचालयाची पायरी झालेला पाहिलाय. उचलून देवळाच्या भिंतीशी उभे करा, बस्स. आणि दगडावर खाली गाढव, वर चंद्र-सूर्य नि मधे अक्षरं दिसली तर शेंदूर थांबवा. ती गधेगाळ आहे, दान मोडणाराला घातलेली शिवी. तुमच्या गावातलं सगळ्यात जुनं लिहिलेलं मराठी कदाचित तेच असेल.

मग करायचं काय? फार नाही. दगडाला काहीच लावायचं नाही. स्वच्छ पाणी आणि काथ्याचा किंवा नायलॉनचा मऊ ब्रश, एवढ्यावर जे निघेल ते निघेल. ज्या देवळांचं शिखर नंतरच्या काळात विटा-चुन्यात बांधलंय, औंढ्या नागनाथासारखं, खाली काळा दगड आणि वर पांढरं, तिथे त्या वरच्या भागाला चुना लावा. खुशाल लावा, तो त्याचाच आहे. पण सिमेंट नको. गडावर ती गोल चर आणि त्यातलं दगडी चाक दिसतं ना, ती चुन्याची घाणी. चुना भिजवून, मळून, गूळ नि हिरडा घालून मुरवायचे. तो जाणणारे कारागीर अजून आहेत. जिथे गडाचं काम नीट चाललंय तिथे विचारलं तर पत्ता मिळतो. सभामंडप हवाच असेल, लग्नं-सप्ताह करायला तो लागतोच, तर देवळाला न चिकटवता मोकळ्या अंगणात बांधा. भंगलेल्या मूर्ती नदीत सोडू नका. पाया खणताना काही निघालं तर घरी नेऊन मखरात बसवण्याआधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. तो 1878पासूनचा कायदा आहे.

आणि ज्यांनी आधीच रंगवलंय त्यांना हात जोडून एक विनंती: उत्साहाच्या भरात ग्राइंडर, तारेचा ब्रश, अ‍ॅसिड किंवा वाळूचा मारा करायला जाऊ नका. रंगाबरोबर नाक-डोळे जातात. राज्याच्या पुरातत्त्व खात्याला पत्र टाका. रंग उतरवण्याच्या रीती आहेत, पण ते शिकलेल्या माणसाचं काम आहे, आणि आधी एखाद्या कोपऱ्यावर करून बघायचं असतं. खात्याकडून उत्तर यायला वेळ लागेल. लागू दे. तोवर निदान नवा हात तरी देऊ नका.

राहता राहिले ते डबे. आज शुक्रवार. न फोडलेला डबा दुकानदार परत घेतो, पावती ठेवली असेल तर. मी घराच्या कामात दोन डबे असेच परत केलेत. चॉकलेटी आणि आकाशी मशीनवर शेड बनवून आणले असतील तर मात्र तो घेणार नाही. ते वाया जायला नकोत. शाळेच्या दारं-खिडक्यांचा रंग पार उडालाय, एसटी स्टॅंडकडे जाताना पाहिलं. पेंटर सोमवारी येतोच आहे, त्याला तिकडे वळवा. महाशिवरात्रीला मी पुन्हा येतोय, बादली आणि ब्रश घेऊन. गुरवांना सांगा, या वेळी चहाबरोबर बोलेनही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
देवळं आणि गड हिंडणारा, एका नंदीची शिंगं सोनेरी करून बसलेला
एक वाटसरू